धर्मस्वातंत्र्य : सरकारचा हात कोठवर ?

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ गृहस्थ एखाद्या देवळाचे, देरासराचे, मशिदीचे, अग्यारीचे, आणि तेंहि नसेल तर आळींतल्या गणेशोत्सवाचे तरी कारभारी असतीलच. वर्षांतून एकदां धर्मादाय आयुक्तांच्या कचेरींत हिशेब पाठवितांना, देवाच्या कारभारांत सरकारचें काय काम, असा प्रश्न त्यांच्या मनांत उभा राहतो. प्रश्न रास्त आहे व सरकारनें त्याचें उत्तर दिलेंच पाहिजे. परंतु यांपैकींच कांहीं गृहस्थ, शेजारच्या आळींतील एखाद्या तरुणानें धर्म बदलल्याची वार्ता कानीं येतांच, सरकार झोपलें आहे काय, असें तितक्याच तावातावानें विचारतांना आढळतात. आपल्या देवाच्या पेटीस सरकारनें हात लावूं नये, आणि दुसऱ्याच्या अंतःकरणास मात्र सरकारनें कुलूप ठोकावें, असा हा न्याय आहे. तो सोयीचा आहे यांत शंका नाहीं. त्यास धर्मस्वातंत्र्य मात्र म्हणतां येत नाहीं. हा घोटाळा जोंवर सुशिक्षित मंडळींच्या मनांतून जात नाहीं तोंवर कोणताहि कायदा कोणाच्याहि धर्माचें रक्षण करूं शकणार नाहीं, असें आमचें मत असल्यामुळें आज या विषयाचा थोडा सविस्तर विचार करण्याचें योजिलें आहे.

सरकारविषयींची धास्ती निराधार आहे असें कोणीं म्हणूं नये. तिचीं मुळें आपल्या कोंकणपट्टींतच सांपडतात. गोव्यांत १५६० सालीं स्थापन झालेलें पोर्तुगीजांचें धर्मन्यायासन, मध्यंतरींचीं थोडीं वर्षें वगळतां, १८१२ पर्यंत चालू होतें. एतद्देशीय ख्रिस्ती कुटुंबांनीं काय काय टाळावें याची जी यादी त्यानें १७३६ सालच्या जाहीरनाम्यांत दिली ती वाचतांना हंसावें कीं रडावें हें समजत नाहीं. अंगणांत तुळस लावावयाची नाहीं. पुरुषांनीं धोतर नेसावयाचें नाहीं, बायकांनीं चोळी घालावयाची नाहीं. आणि हिंदूंप्रमाणें मिठाशिवाय भात शिजवावयाचा नाहीं! राजसत्ता धर्माच्या रक्षणास निघाली म्हणजे ती स्वयंपाकघरांतल्या मिठाच्या वाटीपर्यंत पोंचते, ती अशी. हें फिरंग्यांचें झालें म्हणून समाधान मानण्याचेंहि कारण नाहीं. मुंबईंत १७७९ सालीं इंग्रज कंपनीच्या सरकारनें सोनार जातीच्या मुख्याच्या नांवें हुकूम काढून त्या जातीस 'नमस्कार' म्हणून अभिवादन करण्याची मनाई केली. व्यापारासाठीं आलेल्या परदेशी कंपनीस, सोनारांनीं एकमेकांस भेटतांना काय म्हणावें, याच्याशीं काय कर्तव्य होतें? नमस्कार करण्याचा अधिकार आपलाच, असें वरिष्ठ म्हणविणाऱ्या वर्गास वाटत होतें, आणि त्या समजुतीवर सरकारी शिक्का बसला, एवढाच त्या हुकुमाचा अर्थ. सरकारी ढवळाढवळ बहुधा याच वाटेनें येते. सरकारला स्वतःचा धर्म नसला तरी चालतें. गांवांत ज्याचें वजन अधिक त्याचा धर्म तें उसना घेतें.

१८५८ सालच्या राणीच्या जाहीरनाम्यानें, प्रजेच्या धर्मसमजुतींत व पूजाअर्चेंत अधिकाऱ्यांनीं हात घालूं नये, अशी ताकीद दिली. पुढें याच ताकिदीची ढाल सुधारणेच्या कायद्यांपुढें धरण्यांत आली. १८९१ सालीं संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेण्याचें बिल आलें तेव्हां लोकमान्य टिळकांनीं परक्या सरकारच्या ढवळाढवळीविरुद्ध आवाज उठविला व आगरकरांनीं बिलाची बाजू घेतली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. आम्ही आगरकरांच्या पंगतींत बसणारे आहों हें लपविण्याचें कारण नाहीं. दहा वर्षांच्या मुलीचें शरीर हा धर्मशास्त्राचा प्रांत नव्हे. तथापि टिळकांच्या आक्षेपांत एक प्रश्न होता, तो आजहि शिल्लक आहे. ज्या सरकारवर आपला ताबा नाहीं त्यास धर्मांत शिरण्याची वाट एकदां दाखविल्यावर तें कोठें थांबेल? स्वराज्य आल्यानें हा प्रश्न निकालांत निघाला असें समजणारांस आम्ही इतकेंच विचारूं कीं, हजार-पांचशें घरांच्या पंथाचा लोकनियुक्त सरकारवर तरी कितीसा ताबा असतो?

१९५० सालच्या राज्यघटनेनें या प्रश्नास दिलेलें उत्तर लक्षपूर्वक वाचण्याजोगें आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीति व आरोग्य यांच्या मर्यादेंत, पंचविसावें कलम सदसद्विवेकबुद्धीचें स्वातंत्र्य आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क सर्व व्यक्तींस देतें. सव्विसावें कलम पंथांस आपल्या धर्मविषयक बाबी स्वतः चालविण्याचा हक्क देतें; पण त्याच कलमांत, मालमत्तेचा कारभार कायद्यास अनुसरून करावयाचा, असेंहि बजावलेलें आहे. सत्ताविसाव्यान्वयें एखाद्या धर्माच्या पुरस्कारासाठीं कोणावरहि कर बसवितां येत नाहीं. सरकारसाठीं जीं दारें उघडीं ठेवलीं आहेत तीं मोजकीं आहेत : धर्माशीं निगडित अशा आर्थिक व ऐहिक व्यवहारांचें नियमन, समाजसुधारणा, आणि सार्वजनिक स्वरूपाचीं हिंदु देवस्थानें सर्व वर्गांस खुलीं करणें. आधीं व्यक्ति, मग पंथ, हा कलमांचा क्रम आम्हांस सहेतुक वाटतो. पुढील सर्व विवेचनांत वाचकांनीं तो ध्यानांत ठेवावा.

या कलमांची एक मोठी कसोटी लौकरच आपल्या मुंबई राज्यांतल्या एका कायद्यावर लागली. १९५० सालीं सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा झाला आणि त्यायोगें नोंदणी, हिशेबतपासणी व धर्मादाय आयुक्त हें सर्व आलें. एका जैन मंदिराचे व्यवस्थापक आणि मुंबईच्या पारशी पंचायतीचे विश्वस्त यांनीं, हा धर्मस्वातंत्र्यावर घाला आहे, अशी तक्रार न्यायालयांत नेली. उच्च न्यायालयाकडून त्यांचें समाधान झालें नाहीं. १९५४ च्या मार्च महिन्यांत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. तो लिहिणारे न्या. बिजनकुमार मुखर्जी यांनीं तराजू असा धरला कीं उभय पक्षांस कांहीं तरी सोडावें लागलें. नोंदणी व हिशेब यांचीं कलमें कायम झालीं. देवाच्या नांवानें जमलेल्या पैशाचा जमाखर्च दाखविणें हें कोणत्याहि धर्माचें अंग नव्हे, आणि तो मागणें ही ढवळाढवळ नव्हे. आयुक्तांच्या खात्यासाठीं घेतली जाणारी वर्गणी हा कर नसून केलेल्या कामाबद्दलचें शुल्क आहे, असेंहि ठरलें. तेव्हां हिशेबाचें पत्रक भरतांना कपाळास आंठ्या घालणाऱ्या आमच्या कारभारी मित्रांची बाजू त्याच वेळीं पडलेली आहे.

मात्र त्या कायद्यांतील दोन गोष्टी न्यायालयानें चालूं दिल्या नाहींत. एक, धार्मिक संस्थेवर खुद्द धर्मादाय आयुक्तासच विश्वस्त म्हणून बसविण्याची तरतूद. मठाधिपति हा केवळ मिळकतीचा व्यवस्थापक नसतो, तो शिष्यांचा गुरु असतो. त्या गादीवर सरकारी अंमलदार बसविणें म्हणजे मठच बुडविणें होय. दुसरी गोष्ट अधिक नाजूक होती. दात्यानें ज्या धर्मकृत्यासाठीं पैसा दिला तें कृत्य करणें शक्य असतांहि, न्यायालयास इष्ट वाटल्यास तो पैसा दुसऱ्या कामाकडे वळविण्याची मुभा कायद्यानें दिली होती. ती रद्द झाली. सुधारक मंडळींपैकीं कित्येकांस हें रुचत नाहीं. देवाच्या अंगावर सोनें कशास, त्यांत शाळा काढा, असें आम्ही स्वतः म्हणत आलों आहों व पुढेंहि म्हणूं. पण तें दात्यास व विश्वस्तांस म्हणावयाचें असतें, त्यांची समजूत घालून, आणि तीं न ऐकतील तर पुन्हां समजूत घालून. न्यायाधीशाच्या हुकुमानें पूजेचा पैसा शाळेकडे वळला तर उद्यां दुसऱ्या विचाराचा न्यायाधीश शाळेचा पैसा पूजेकडे वळवील, आणि त्या वेळीं आम्हांस बोलावयास तोंड राहणार नाहीं. व्यापारी वाचकांस हें फोड करून सांगण्याची गरज नाहीं. ठेव ठेवणाराचा शब्द जी पेढी पाळीत नाहीं तिच्या पायरीवर कोणी दुसऱ्यांदा चढत नाहीं.

या निकालांतील सर्वांत मोलाचा भाग आमच्या मतें निराळाच आहे. धर्माचा अमुक विधि आवश्यक आहे कीं नाहीं हें बाहेरच्या कोणीं सांगूं नये. विधीस पैसा लागतो, पुरोहित लागतो, बाजारांतली वस्तु लागते, एवढ्यावरून तो ऐहिक व्यवहार ठरत नाहीं, असें न्या. मुखर्जींनीं म्हटलें. यास आधार म्हणून त्यांनीं मुंबई उच्च न्यायालयाचा एक जुना निकाल घेतला. पारशांच्या मुक्ताद विधीसाठीं ठेवलेला पैसा धर्मादाय मानावा कीं नाहीं, हा तेथला वाद होता. न्या. दिनशा दावर यांनीं ठरविलें कीं, समाजाची तशी श्रद्धा आहे एवढें दिसून आलें म्हणजे न्यायाधीशानें ती मान्य करावी. तिची परीक्षा घेणें हें त्याचें काम नव्हे. १९०८ सालीं लोकमान्यांस सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे ते हेच दावर. त्या शिक्षेविषयीं मराठी माणसाच्या मनांत जें आहे तें राहो. मुक्तादाच्या खटल्यांत त्यांनीं स्वतःस घालून घेतलेली मर्यादा कोणत्याहि न्यायासनास भूषणावह आहे.

पुढें ती सर्वत्र पाळली गेली नाहीं, याचा आम्हांस खेद वाटतो. १९६१ सालीं अजमेरच्या दर्ग्याच्या खटल्यांत न्या. प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनीं, भोळ्या समजुतींतून निघालेल्या व धर्मास बाहेरून चिकटलेल्या चालींस घटनेचें संरक्षण मिळेलच असें नाहीं, असें सुचविलें. आतां ही चाल मुळांतली व ही बाहेरची, हें निवडावयाचें कोणीं? उघडच न्यायाधीशानें. १९६६ सालीं अहमदाबादच्या स्वामीनारायण पंथाच्या कांहीं मंडळींचा खटला निकालांत निघाला. आम्ही हिंदूच नव्हों, सबब हरिजनांच्या मंदिरप्रवेशाचा कायदा आमच्या देवळांस लागू नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. तें फेटाळलें गेलें व देवळें खुलीं राहिलीं, याचा आम्हांस आनंद आहे. परंतु एवढ्यासाठीं अस्पृश्यता नष्ट करणारें सतरावें कलम व पंचविसाव्या कलमांतील उघडें दार पुरेसें होतें. त्या मंडळींस खऱ्या हिंदुधर्माची शिकवण समजलेलीच नाहीं, असें न्यायासनावरून त्यांस ऐकविण्याची जरूरी नव्हती. न्यायाधीश एकदां धर्मशास्त्री झाला म्हणजे तो दर वेळीं सुधारकच निघेल याची हमी कोणी द्यावी? २०१५ सालीं राजस्थानच्या उच्च न्यायालयानें, संथारा व्रत हें जैनधर्माचें आवश्यक अंग असल्याचें सिद्ध होत नाहीं असें म्हणून, तें आत्महत्येच्या सदरांत टाकलें. जैन समाज देशभर रस्त्यावर आला आणि त्याच महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें निकालास स्थगिती दिली. संथाऱ्याविषयीं मतभेद होऊं शकतो. अंथरुणास खिळलेल्या माणसावर घरच्यांचा दाब पडला काय, त्यानें स्वखुशीनें अन्न सोडलें काय, हें कायद्यानें अवश्य विचारावें; तो एका जिवाचा प्रश्न आहे. तें व्रत जैनधर्मांत किती आवश्यक, हें मात्र ज्यांचा धर्म त्यांनीं ठरवावें.

देवळांच्या व्यवस्थेविषयीं एक गोष्ट येथेंच बोलून टाकतों. ज्या पंढरीचे दरवाजे हरिजनांस खुले व्हावे म्हणून १९४७ सालीं सानेगुरुजींनीं प्राण पणास लावले, तेथील बडवे व उत्पात यांचे वंशपरंपरागत हक्क १९७३ सालच्या कायद्यानें काढून घेण्यांत आले. त्यावरचा न्यायालयीन झगडा २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयांत संपला. वारकऱ्यानें विठोबाच्या पायांवर ठेवलेला पैसा कांहीं घराण्यांची मिळकत व्हावी, यास धर्मांत काय व कायद्यांत काय, कोठेंच आधार शोभत नव्हता. हक्क गेले तें योग्यच झालें. पण त्यांच्या जागीं आली ती सरकारनें नेमलेली समिति. शिर्डीच्या संस्थानाचा कायदा २००४ सालचा. तेथेंहि विश्वस्त मंडळ सरकारच नेमतें, आणि अशा एका मंडळाची नेमणूक २०२२ सालीं उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें रद्द ठरविली. वंशपरंपरा जाऊन पक्षपरंपरा आली, तर त्यांत भाविकाचें हित कोणतें? देवस्थानची घटना सरकारनें आखून द्यावी, हिशेब कडक तपासावा, अफरातफर करणारास तुरुंग दाखवावा. पण कारभारी कोण, हें दर्शनास येणाऱ्या मंडळींस निवडूं द्यावें.

येथवर आम्ही सरकार व पंथ यांच्यामधील कुंपणाविषयीं बोललों. परंतु माणसाच्या श्रद्धेवर हुकूम चालविणारें सरकार मंत्रालयांतच बसलेलें असतें असें नाहीं. जातीचें व जमातीचें सरकार त्याहून जवळ असतें आणि त्याच्याविरुद्ध निवडणुकींत मत देतां येत नाहीं. पुण्यांत १८९० सालीं पंचहौद मिशनमध्यें चहाचे पेले पुढें आले तेवढ्यावरून न्यायमूर्ति रानड्यांपासून टिळकांपर्यंत सर्वांवर ग्रामण्य उभें राहिलें व शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलें. रानड्यांसारख्या उच्च पदावरच्या पुरुषास अखेर प्रायश्चित्त घ्यावें लागलें. मग नाक्यावरच्या किरकोळ दुकानदाराची काय कथा? इंग्रज सरकारचें धोरण यांत न पडण्याचें होतें. मुंबई इलाख्याच्या १८२७ सालच्या रेग्युलेशननें जातीच्या प्रश्नांत न्यायालयांनीं पडूं नये असें सांगितलें, व नुकसानभरपाईच्या दाव्यापुरतीच फट ठेवली. १८५० सालच्या कायद्यानें एक मोठी गोष्ट केली : धर्म सोडल्यानें किंवा जातीबाहेर पडल्यानें कोणाचा मालमत्तेवरचा वा वारशाचा हक्क बुडणार नाहीं, असें ठरविलें. जात काय म्हणते यांत तो कायदा शिरला नाहीं. माणसाचें शेत व घर तेवढें त्यानें वांचविलें. आमच्या मतें हा नमुना पुढच्या सर्व कायद्यांनीं गिरविण्यासारखा होता.

मुंबई सरकारनें १९४९ सालीं बहिष्कारबंदीचा जो कायदा केला त्यानें तो गिरविला नाहीं. कोणत्याहि जमातीनें कोणासहि बहिष्कृत केल्यास तें बेकायदा, असा सरसकट नियम त्यानें घालून दिला. दाऊदी बोहरा जमातीचे धर्मगुरु सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनीं त्यास आव्हान दिलें. या जमातींतील बहिष्काराचे वाद जुनेच. बऱ्हाणपुरच्या एका प्रकरणांत १९४७ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें, धर्मगुरूस हा अधिकार आहे, पण तो लहरीप्रमाणें न वापरतां रीतसर सूचना देऊन व म्हणणें ऐकून घेऊन वापरला पाहिजे, असा निकाल दिलेला होता. १९६२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें चार विरुद्ध एक अशा मतांनीं १९४९ चा कायदा रद्द केला. श्रद्धेच्या पायावर उभ्या असलेल्या पंथास, ती श्रद्धा झुगारणारास बाहेर काढण्याचा अधिकार नसेल तर पंथ टिकणार कसा, हा बहुमताचा मुद्दा होता. विरुद्ध मत देणारे एकटे सरन्यायाधीश भुवनेश्वरप्रसाद सिन्हा. बहिष्कृत माणसाची स्थिति अस्पृश्यासारखी होते, मशीद बंद, कबरस्तान बंद, सोयरीक बंद, आणि एवढें सर्व हिरावणारी सत्ता ही केवळ धर्माची बाब म्हणून सोडून देतां येत नाहीं, असा त्यांचा आशय होता.

आमचें मन सिन्हांकडे झुकतें. तरीहि बहुमताच्या मुद्द्यांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. हा मनुष्य आमच्या पंथाचा नव्हे, एवढें म्हणण्याचा अधिकार कोणत्याहि पंथास असावा. आमच्या मंडळाचा सभासद कोण हें आम्ही ठरवितों, तसाच तो आहे. पण त्याच्या दुकानांतून माल घेऊं नका, त्याच्या बायकोनें त्यास सोडावें, त्याच्या आईस माती देण्यास कोणीं जाऊं नये, असा हुकूम निघाला म्हणजे तो पंथाच्या श्रद्धेचा प्रश्न राहत नाहीं. व्यापाऱ्यांस हें आम्हीं काय सांगावें? ज्याचा उधारीचा व्यवहार जमातीवर, ज्याचा आडत्या जमातीचा, ज्याचा व्याही जमातीचा, त्यास वाळीत टाकणें म्हणजे नादार करणें होय, आणि दिवाळखोरीच्या कायद्यांत निदान हप्ते तरी बांधून मिळतात! सुदैवानें महाराष्ट्रानें २०१६ सालीं सामाजिक बहिष्काराविरुद्ध केलेला, व २०१७ पासून अमलांत आलेला, कायदा या बाबतींत अधिक शहाणा आहे. तो धर्मसिद्धांत तपासीत नाहीं. माणसास जगण्यांत काय अडथळा आला तें तपासतो, आणि अडथळा आणणारास तीन वर्षांपर्यंत कैद वा एक लाखापर्यंत दंड सांगतो. १९४९ चा कायदा त्यानेंच निरस्त केला. २०२३ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांनीं १९६२ च्या निकालाचा फेरविचार नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपविला. अशा पीठानें बहिष्कार हा धर्माचा 'आवश्यक' भाग कीं अनावश्यक, या चर्चेंत पडूं नये, एवढीच आमची अपेक्षा आहे. ज्यास बाहेर काढलें त्याचें काय काय गेलें, हा प्रश्न विचारला कीं उत्तर सांपडण्यास फार शोध करावा लागत नाहीं.

हाच प्रश्न सरकारलाहि विचारावा. १९८५ सालीं केरळांतील एका शाळेनें तीन भावंडांस काढून टाकलें. तीं 'यहोवाचे साक्षी' या ख्रिस्ती पंथाचीं. राष्ट्रगीत चालू असतां तीं आदरानें उभीं राहत. गात मात्र नसत, कारण ईश्वराखेरीज कोणाचेंहि स्तवन करूं नये अशी त्यांची श्रद्धा. राष्ट्रगीत आम्हांस प्रिय आहे आणि या श्रद्धेचें मर्म आम्हांस उमगलें आहे असेंहि नाहीं. पण त्या मुलांनीं कोणाचें काय बिघडविलें होतें? सर्वोच्च न्यायालयानें १९८६ सालीं त्यांस शाळेंत परत घ्यावयास लावलें. न्या. चिन्नप्पा रेड्डी यांचा तो निकाल आम्ही या देशांतल्या धर्मस्वातंत्र्याच्या उत्तम निकालांत गणतों, कारण त्यांत हक्क मागणारा पंथ मूठभर लोकांचा होता आणि समोर सरकार व लोकमत दोन्हीं उभीं होतीं.

आतां आरंभीं काढलेल्या धर्मांतराच्या गोष्टीकडे येऊं. बळजबरीनें वा फसवणुकीनें कोणाचा धर्म बदलविणें हा गुन्हा असावा, याविषयीं वाद नाहीं. आम्ही स्वतः त्यास शिक्षाच सांगूं. परंतु कांहीं राज्यांच्या कायद्यांनीं याहून पुढें पाऊल टाकलें. हिमाचल प्रदेशच्या २००६ सालच्या कायद्यानें, धर्म बदलूं इच्छिणारानें तीस दिवस आधीं जिल्हाधिकाऱ्यास नोटीस द्यावी, असें फर्माविलें. तेथील उच्च न्यायालयानें २०१२ सालीं तें कलम रद्द केलें. आपली श्रद्धा कोणती हें मनांतच ठेवण्याचा माणसास हक्क आहे, असें त्याचें कारण दिलें. २०१९ च्या नव्या कायद्यानें तीच अट परत आणली. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यानें मुदत साठ दिवसांची केली, पोलिसांची चौकशी जोडली, आणि धर्मांतरानंतरचें निवेदन कचेरीच्या फलकावर लावण्याची व्यवस्था केली. दुकानाचा परवाना मागावा तसा हा श्रद्धेचा परवाना आहे. देरासराचा विश्वस्त सरकारनें नेमूं नये म्हणून जो गृहस्थ १९५४ च्या निकालाचा आधार घेतो, त्यानें या नोटिशीचें समर्थन कोणत्या तोंडानें करावें?

डॉ. आंबेडकरांनीं १९३५ सालीं येवल्यास, आपण हिंदु म्हणून मरणार नाहीं, असें जाहीर केलें आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास लाखों अनुयायांसह बौद्धधर्माची दीक्षा घेतली. मधलीं एकवीस वर्षें त्यांनीं विचारांत घालविलीं. त्या विचाराची चौकशी करण्याचा अधिकार नागपुरच्या कलेक्टरास असता तर त्यानें आपल्या रकान्यांत काय लिहिलें असतें? दोन महिने आधीं नांवनिशीवार याद्या गेल्या असत्या, फौजदारानें गांवोगांवच्या पाटलास व मालकास विचारपूस केली असती, आणि ज्या शेतमजुराची रोजी त्याच मालकाच्या हातीं, तो नागपुरची गाडी पकडूं शकला असता काय? ज्या ज्या राज्याच्या कायद्यांत हें पूर्वसूचनेचें कलम आहे तेथून तें काढून टाकावें. जबरदस्ती करणारास पकडण्यासाठीं पोलिसांस फिर्याद व साक्षीपुरावा पुरतो. श्रद्धा बदलणाराचें नांव आगाऊ कळण्याची जरूरी त्यांस नाहीं.